सूर धरणाऱ्या

आमच्या देवस्थानात सांजेच्या आरतीला विजेचा चौघडा वाजतो. एका लोखंडी चौकटीत दोन नगारे, एक झांज आणि एक घंटा बसविलेली असून खाली मोटर आहे; कळ दाबताच लोखंडी हात एकदम उठतात आणि देवासमोर तुटून पडतात. त्यास तालाचे ज्ञान आहे असे म्हणवत नाही, परंतु निष्ठा आहे. पावसाळ्यात विजेचा दाब उतरला म्हणजे हा चौघडा विलंबितात जातो, आरती म्हणणारी मंडळी मात्र द्रुतातच असतात, आणि मंत्रपुष्पांजलीच्या सुमारास दोघांची गाठ पडली तर पडते. हे यंत्र ज्या वर्षी आणले त्या वर्षी देवस्थानचे चिटणीस आम्हीच होतो. पावतीवर सही आमची आहे. चौघडा वाजविणाऱ्याचे दोन्ही मुलगे नोकरीस लागले होते, तो स्वतः थकला होता, आणि देवाची आरती मुकी करता येत नव्हती. असे आम्ही सभेत सांगितले व सभेने ते मान्य केले.

ही गोष्ट आरंभीच सांगून टाकतो, कारण पुढे यंत्राच्या विरुद्ध आम्ही जे लिहिले ते वाचकांस हिच्या शेजारी ठेवून पाहता यावे.

आमची पुतणी वीजविद्येचे शिक्षण घेऊन नोकरी करते आणि उरल्या वेळात नाद करते. 'गाते' किंवा 'वाजविते' असे म्हणण्याची सोय नाही. तिच्या खोलीत तारा, कळा व लुकलुकणारे दिवे असलेली एक पेटी आहे. तीतून काही ध्वनी निघतो, तो ती तासन् तास ऐकत बसते आणि मधून एखादी कळ केसभर फिरविते. श्रावणात आमच्याकडे चोवीस तासांचा अखंड भजनी सप्ताह असतो. प्रहर घराघरांत वाटलेले असतात. रात्री दोन ते तीन ही वेळ कोणासच नको असते. समईजवळ दोन म्हातारे जांभया देत झांज चालू ठेवतात, कारण भजनात खंड पडू नये. पुतणीने समितीस अर्ज केला की, तो एक तास आपणांस द्यावा. देवळाच्या जुन्या घंटेच्या नादातून रचलेली एक तासाची रचना ती देवासमोर सादर करील, आणि तेवढा वेळ म्हाताऱ्यांनी पाठ टेकावी.

अर्ज फेटाळण्याचे पत्र आम्ही लिहिले. चिटणीसपद सोडून आम्हांस बरीच वर्षे झाली असली तरी समितीस भाषा हवी असली म्हणजे ती आमच्याकडे येते. 'यंत्रोत्पन्न नाद देवालयाच्या परंपरेशी विसंगत असल्याने' असा त्या पत्राचा आरंभ होता. आम्ही हे वाक्य अग्रशाळेच्या ओसरीवर बसून लिहीत असता आत आरतीचा विजेचा चौघडा वाजत होता. पत्र हाती पडल्यावर पुतणी घरी आली. रागावली नव्हती. तिने एवढेच म्हटले, "काका, देवाक मशीन चलता, मशिनार बसपी चली चलना, अशें?" आणि जाताना कानाला लावायचे यंत्र व काही बायकांच्या नावांची एक यादी आमच्या मेजावर ठेवून गेली.

ती यादी आम्ही वाचली ती खंडन करण्याच्या हेतूने, हे कबूल केले पाहिजे. नातेवाइकांनी आपणांस निरुत्तर केले म्हणजे पुस्तकांचा आधार शोधावा, ही आमच्या पिढीची खोड आहे.

यादीत पहिले नाव डेलिया डर्बिशर या इंग्रज बाईचे होते. जन्म १९३७ चा, कॉव्हेंट्री शहरातला. १९४० मध्ये त्या शहरावर जर्मन विमानांनी जो भयंकर बाँबवर्षाव केला, तो तिने तीन वर्षांची असताना ऐकला. हवाई हल्ल्याचा भोंगा हेच आपले पहिले विद्युत्-संगीत, असे ती पुढे सांगत असे. केंब्रिजला तिने गणित व संगीत या विषयांत पदवी घेतली. १९५९ मध्ये डेक्का या ध्वनिमुद्रण कंपनीकडे नोकरी मागितली असता, आम्ही ध्वनिमुद्रणाच्या खोलीत बायकांना घेत नाही असे उत्तर मिळाले. मग ती ब्रिटिश नभोवाणीत, म्हणजे बी.बी.सी.त शिरली आणि १९६२ पासून तेथील 'रेडिओफोनिक वर्कशॉप' या विभागात काम करू लागली. हा विभाग नाटकांस व कार्यक्रमांस लागणारे चमत्कारिक आवाज तयार करी. तेव्हा सिंथेसायझर नावाचे वाद्य तेथे नव्हते. स्वर उत्पन्न करणारी साधी विद्युत्-यंत्रे, ध्वनिफीत, आणि फीत कापण्याचे पाते, एवढीच सामग्री. फीत सेकंदाला पंधरा इंच धावत असेल तर अर्ध्या सेकंदाचा स्वर म्हणजे साडेसात इंच फीत. ती मोजायची, कापायची, पुढच्या तुकड्यास चिकटवायची. १९६३ मध्ये दूरचित्रवाणीवर सुरू झालेल्या 'डॉक्टर हू' या मालिकेची धून तिने याच रीतीने, एकेक स्वर कातरून, उभी केली. मूळ चाल रॉन ग्रेनर यांची होती. तयार झालेली धून ऐकून, हे खरोखर आपणच लिहिले काय, असा प्रश्न त्यांना पडला अशी आख्यायिका आहे. मानधनाचा अर्धा वाटा तिला मिळावा अशी त्यांची इच्छा होती. पण विभागातील माणसांनी अनाम राहावे हा कचेरीचा दंडक होता. तिचे नाव त्या मालिकेच्या पडद्यावर आले ते २०१३ मध्ये, म्हणजे धून तयार झाल्यानंतर पन्नास वर्षांनी आणि तिच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी.

तिच्याविषयी वाचताना आम्ही थबकलो ते एका दिव्याच्या झाकणापाशी. कचेरीत हिरव्या रंगाचे एक जुनाट धातूचे झाकण होते, ते वाजविले की चांगला झणकार उठे. डेलियाबाईंनी तो मुद्रित केला आणि त्याचा आरंभ, म्हणजे आघात, कापून टाकला. मागे राहिला तो केवळ नाद. त्यात कोणकोणते स्वर दडले आहेत ते तिने गणिताने शोधून काढले आणि तेच स्वर यंत्रावर पुन्हा जुळवून, सहारातील तुआरेग लोकांवरील एका चित्रणासाठी वाळवंटातून जाणाऱ्या तांड्याचे संगीत रचले. दिव्याचे झाकण! आम्ही सत्तर वर्षे देवळात जाऊन घंटा वाजवीत आहो, परंतु आम्ही ऐकतो तो टोला. टोल्यानंतर घंटेच्या पोटात जे चालते ते ऐकण्यास आम्ही कधी थांबलो नाही, कारण तोवर आमची वहाणांवर नजर गेलेली असते. पुतणीने दुपारी देऊळ बंद असता चौकात बसून नेमके तेच ध्वनिमुद्रित केले होते. टोला काढून टाकला होता.

डेलियाबाईंच्या आधी त्याच विभागात डॅफ्नी ओरॅम होती. १९५८ मध्ये जो विभाग स्थापन झाला त्याच्या संस्थापकांतच तिची गणना होते. तत्पूर्वी ती दिवसा नभोवाणीतील नेमून दिलेले काम करी, आणि रात्री सर्व निघून गेल्यावर वेगवेगळ्या खोल्यांतील ध्वनिमुद्रण यंत्रे ढकलीत एकत्र आणून प्रयोग करी व सकाळच्या आत जेथल्या तेथे पोचवी. हे वाचून आम्हांस रात्रीच्या दोन ते तीनचा प्रहर आठवला. १९५९ मध्ये ती नोकरी सोडून केंट परगण्यात राहावयास गेली आणि तेथे तिने असे यंत्र बांधले की, चित्रपटाच्या फितीवर शाईने रेघ काढावी आणि ती रेघ यंत्राने गावी. सन १९४९ मध्ये तिने वाद्यवृंद, तबकड्या व ध्वनिक्षेपक यांसाठी लिहिलेली एक रचना त्या वेळी कोणी वाजविलीच नाही. लंडनच्या 'प्रॉम्स' महोत्सवात ती वाजली २०१८ मध्ये. बाई २००३ मध्येच वारली होती.

यादीतले तिसरे नाव मात्र आम्हांस पुष्कळ काळ पुरले. एलियान रादिग, पॅरिस, जन्म १९३२. तीन मुलांची आई. पॅरिसमध्ये ती पिएर शेफर आणि पिएर आंरी या नामांकित संगीतकारांच्या कार्यशाळेत फिती कापण्या-जोडण्याचे काम करून शिकली. पुढे अमेरिकेत तिला सिंथेसायझर भेटला, आणि १९७१ मध्ये तिने स्वतःसाठी 'ए.आर.पी. २५००' नावाचे यंत्र घेतले. त्याबरोबर पेटीसारख्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या येतात. त्या तिने न्यूयॉर्कलाच ठेवून दिल्या. पट्ट्या असल्या की बोटे धावू लागतात, आणि तिला धावायचे नव्हते. तिला एकच स्वर धरायचा होता आणि तो आतून कसा बदलतो ते पाहायचे होते.

तिची 'कैलास' नावाची रचना पुतणीने यंत्रात घालून ठेवली होती. नाव आपले, म्हणून आम्ही ती प्रथम लावली. सुमारे तासभराची ही रचना १९९१ ची. त्या पर्वताची प्रदक्षिणा मनाने करावी, हे तिचे सूत्र. रादिगबाई तोवर तिबेटी बौद्ध साधनेस लागून पंधरा वर्षे झाली होती. मध्यंतरी तिने संगीत सोडूनच दिले होते, आणि तिच्या गुरूनेच तिला पुन्हा संगीताकडे पाठविले. तीन भागांच्या एका मोठ्या रचनेतील 'कैलास' हा मधला भाग आहे. पहिला भाग १९८८ चा. त्यानंतर १९८९ मध्ये तिचा मुलगा ईव्ह मोटारीच्या अपघातात गेला. त्याच्या मागून आईने ही प्रदक्षिणा घातली.

आम्ही ती रात्री जेवणानंतर, कानाचे यंत्र न लावता, मोठ्याने लावली. दहा मिनिटांनी आमची सौभाग्यवती स्वयंपाकघरात गेली, परत आली आणि म्हणाली, "फ्रीज बिघडला की काय?" आम्हांसही तोवर तसेच वाटत होते. काही घडत नाही, गाणे सुरू होत नाही, कोणी येत नाही. आम्ही ते बंद करून उठलो आणि आपले पत्र योग्यच होते अशा समाधानात निजलो.

तीन वाजता जाग आली. आमच्या वयास ही वेळ जागण्याचीच. पुन्हा लावले, या वेळी हळू. आता रात्रीत दुसरा आवाज नव्हता. प्रथम एक खर्जातील गुंजन, आणि त्यात एक हेलकावा. तंबोरा लावणाऱ्यास हा हेलकावा माहीत असतो. जोडीच्या दोन तारा जवळ येतात पण एक होत नाहीत, तेव्हा त्या दोहोंत एक तिसरी हालचाल उत्पन्न होते. एक तार सेकंदाला २२० आंदोलने करीत असेल व दुसरी २२१, तर सेकंदाला एक हेलकावा ऐकू येतो. तार लागली की तो थांबतो. आपण तो थांबविण्यासाठीच खुंटी पिळतो. ही बाई मात्र त्या हेलकाव्यातच राहावयास गेली आहे. ती तो थांबवीत नाही, वाढवीत नाही. इतक्या सावकाश फिरविते की, तो केव्हा फिरला ते आपणांस कळत नाही, फक्त थोड्या वेळाने आपण दुसऱ्या बाजूस आलो आहो एवढे कळते. देवळाची प्रदक्षिणा घालताना कळस तोच असतो आणि बाजू बदलते, तसे काहीसे. चाळिसाव्या मिनिटास आम्हांस आमची आते आठवली. ती का आठवली हे सांगणे आम्हांस भाग आहे.

आमच्या आतेचा गळा चांगला होता. घरात गुप्तपणे एक वृद्ध गृहस्थ येऊन तिला शिकवीत, असे आम्ही ऐकले आहे. घरात एक तंबोरा होता. आमच्या आजोबांस हे कळले तेव्हा ते फक्त एवढे म्हणाले की, आपल्या घरच्या बायका गात नाहीत. गोमंतकातील वाचकांस या वाक्याचा अर्थ सांगावा लागणार नाही. त्या काळी आमच्या देवळांत गाणाऱ्या बायका होत्या. त्यांचा जन्मच त्या सेवेशी बांधलेला असे, त्यांच्या गाण्यास मान होता आणि त्यांना नव्हता. एका घरच्या बाईने गायिलेच पाहिजे आणि दुसऱ्या घरच्या बाईने गाता कामा नये, हे दोन्ही नियम करणारे पुरुष एकाच ओसरीवर बसत. आते विधवा होऊन माहेरी आली ती आयुष्यभर राहिली. तंबोरा माळ्यावर होता. ती कधी कधी दुपारी वर जाऊन बसे. गात नसे. तारा छेडीत असे, आणि आम्ही मुले खाली ओटीवर पडून तो आवाज ऐकत झोपत असू.

सन १९८७ मध्ये आम्ही जुन्या घराची कौले उतरवून स्लॅब घातली. माळा गेला. माळ्यावरचे सामान बेळगावहून आलेल्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यास आम्ही एकगठ्ठा विकले, आणि तंबोरा त्यात तीनशे रुपयांना गेला. भोपळ्यास भेग होती, असे आम्ही स्वतःस सांगितले. आतेला विचारले नाही. संध्याकाळी तिला कळले तेव्हा ती तांदूळ निवडीत होती. तिने वर पाहिले नाही. "गवसणी तरी दवरली मरे?" एवढेच विचारले. गवसणी राहिली होती, कारण ती धुण्यात होती. आते गेल्यावर ती पुतणीने मागून घेतली आणि आता तिच्या त्या पेटीवर धूळ बसू नये म्हणून घातलेली असते. हे आम्ही इतकी वर्षे पाहत होतो आणि पाहत नव्हतो.

सनईवाल्याशेजारी एक माणूस बसलेला असतो, त्याकडे किती जणांनी पाहिले आहे? सनईवाला राग वाजवितो, टाळ्या घेतो, मध्ये थांबून ओठ पुसतो, पान खातो. शेजारचा एकच स्वर धरून असतो. त्याच्या सुरावर सर्व काही उभे असते, आणि पत्रिकेवर नाव असते सनईवाल्याचे. बैठकीत गवयाच्या मागे तंबोरा घेऊन बसलेली शिष्या, तीही तशीच. पुतणीच्या यादीतील बायका हे काम पत्करून बसलेल्या, किंवा तेवढेच त्यांच्या वाट्यास आलेल्या, आहेत असे आम्हांस वाटू लागले. दुसऱ्याच्या चालीस आवाज द्यायचा, दुसऱ्याच्या फिती जोडायच्या, रात्री यंत्रे ढकलायची. आणि त्यांनी त्या मागल्या जागेवर बसून असे काही ऐकले, जे पुढे बसलेल्यांस ऐकू येत नव्हते.

बडोदे व अहमदाबाद येथील आमच्या वाचकांस पुढील नाव घरचे वाटेल. गीता साराभाई या अहमदाबादच्या प्रसिद्ध घराण्यातील. पखवाज शिकलेल्या अगदी पहिल्या स्त्रियांपैकी एक. १९४६ मध्ये त्या न्यूयॉर्कला गेल्या आणि जॉन केज या अमेरिकन संगीतकाराकडे पाश्चात्त्य रचनाशास्त्र शिकल्या. पैशाचा व्यवहार नव्हता. मोबदल्यात त्यांनी केजला हिंदुस्थानी संगीत शिकविले. संगीताचे प्रयोजन काय, असे केजने विचारले असता त्यांनी आपल्या गुरूंचे मत सांगितले की, चित्त शांत व्हावे आणि त्यायोगे ते दैवी प्रभावास पात्र व्हावे, हे संगीताचे प्रयोजन. केजवर याचा परिणाम जन्मभर राहिला. परत निघताना त्यांनी त्याला श्रीरामकृष्णांच्या वचनांचे पुस्तक दिले. पुढे १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, केजचा सहकारी डेव्हिड ट्यूडर याने येऊन मूग सिंथेसायझरसह एक विद्युत्-संगीताची खोली उभारली, त्यामागेही गीताबेनच होत्या, आणि त्या खोलीत त्यांनी स्वतः रचना केली. काही वर्षांत खोली थंडावली. फिती संस्थेच्या कपाटात राहिल्या. पॉल पर्गस या संगीतकाराने त्या हुडकल्यावर २०२३ मध्ये त्यांतील निवडक संगीत प्रसिद्ध झाले. गीताबेन २०११ मध्ये वारल्या होत्या. म्हणजे ज्या नादास आम्ही पत्रात 'परंपरेशी विसंगत' म्हटले, तो एका पखवाज वाजविणाऱ्या बाईने चित्तशुद्धीच्या कल्पनेसह अर्धशतकापूर्वीच गुजरातेत आणून बसविला होता. पत्र लिहिताना आम्हांस हे ठाऊक नव्हते. पत्र लिहिणाऱ्यास असे पुष्कळ ठाऊक नसते.

आणि यादीच्या शेवटी, लॉरी स्पिगेल या नावापुढे, पुतणीने कंसात 'केरी' असे लिहिले होते. न्यूयॉर्कच्या बाईचा फोंडे महालातील केरी गावाशी संबंध काय, याचा उलगडा पुढे झाला. स्पिगेलबाई १९७३ पासून काही वर्षे बेल प्रयोगशाळेत संगणकाकडून संगीत करवीत होत्या. केप्लर या जर्मन ज्योतिषशास्त्रज्ञाने १६१९ मध्ये असे मांडले होते की, ग्रह सूर्याजवळ येताना वेगाने फिरतो तेव्हा त्याचा स्वर चढतो आणि दूर जाताना उतरतो. अशा सर्व ग्रहांचे मिळून एक गायन आहे, जे कानांस नव्हे, बुद्धीस ऐकू येते. स्पिगेलबाईंनी ते संगणकाकडून कानांस ऐकविले. १९७७ मध्ये व्हॉयेजर ही दोन याने अवकाशात पाठविली, त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तांब्याची तबकडी आहे. पृथ्वीवरचे आवाज म्हणून जो भाग तीत आहे, त्याचा आरंभ स्पिगेलबाईंच्या या ग्रहगायनाने होतो. त्याच तबकडीवर पुढे संगीताच्या भागात सूरश्री केसरबाई केरकरांची भैरवी आहे, सुमारे साडेतीन मिनिटांची. ५५ भाषांतील नमस्कारांत मराठी आहे. कोंकणी नाही, याची या अंकाच्या वाचकांबरोबर आम्हांसही रुखरुख आहे.

केसरबाई १८९२ मध्ये केरीस, देवळाच्या सेवेशी बांधलेल्या त्याच कलावंत समाजात जन्मल्या. अल्लादियाखाँसाहेबांची तालीम, पद्मभूषण, हे सर्व सर्वांस ठाऊक आहे. दुसरे यान, ज्यास पहिले म्हणतात, ५ सप्टेंबर १९७७ रोजी सुटले. १६ सप्टेंबरला केसरबाई मुंबईत वारल्या. आज त्यांचा आवाज सूर्याच्या वाऱ्याची सीमा ओलांडून पलीकडे गेला आहे, आणि त्याच्या शेजारी, एकाच तबकडीच्या चरांत, संगणकाजवळ बसलेल्या एका बाईचा नाद आहे. ही दोन्ही गाणी शेजारी ठेवताना कोणी आमच्या समितीचा अभिप्राय मागितला नाही.

समितीच्या पुढील सभेत आम्ही उभे राहिलो आणि आपले पत्र मागे घ्यावे असे सुचविले. कारण विचारले असता तंबोऱ्याची हकीकत सांगणे आम्हांस जमले नाही. आम्ही केप्लरविषयी बोललो, आणि सभासद घड्याळाकडे पाहू लागले. सप्ताह तोवर होऊन गेला होता. सभामंडप द्यावयाचा नाही, परंतु अग्रशाळेच्या ओसरीवर मार्गशीर्षात एका संध्याकाळी आरतीनंतर तास दिल्यास हरकत नाही, असे ठरले. ठरावाची भाषा पुन्हा आमचीच. या वेळी ती थोडी बरी होती.

अकरा माणसे आली. त्यांत तीन लगेच झोपली व दोन मुले पळून गेली. पुतणीने गवसणी काढून बाजूस घडी करून ठेवली आणि कळ फिरविली. घंटा होती, टोल्यावाचून. ती कोठून सुरू झाली ते कळले नाही, आधीपासूनच चालू होती असे वाटले. मध्ये कोठेतरी तिने जोडीच्या तारांसारखे दोन स्वर जवळ आणले आणि एक न करता तसेच राहू दिले, तेव्हा ओटीवर पडलेल्या मुलास जे ऐकू येई ते आम्हांस ऐकू आले. आम्ही मान खाली घालून बसलो होतो. सौभाग्यवतीने फ्रीजचा उल्लेख केला नाही.

देवळाचा जुना सूर धरणारा, सनईवाल्याच्या शेजारी पन्नास वर्षे बसलेला, खांबास टेकून शेवटपर्यंत ऐकत होता. त्याच्या विद्येत खरे कौशल्य श्वासाचे. गालांत हवा धरून ठेवायची आणि नाकाने अशी चोरून घ्यायची की, सूर कोठे तुटला नाही असे वाटावे. संपल्यावर तो उठून पेटीजवळ आला, तिच्याभोवती एकवार फिरला आणि म्हणाला, "बाये, हाणें दम खंय घेतलो?"

पुतणी म्हणाली की, यंत्राला दम घ्यावा लागत नाही.

"मागीर तो तुवें घेवंक जाय," तो म्हणाला, आणि काठी घेऊन निघून गेला.

रादिगबाईंनीही २००० नंतर आपले यंत्र बाजूस ठेवले, आणि वादकांस एकेकट्यास समोर बसवून, कागदावर काही न लिहिता, तोंडी शिकवून रचना केल्या, हे पुतणीला ठाऊक होते. म्हाताऱ्यास अर्थातच नव्हते. ती दुसऱ्याच दिवशी त्याच्या घरी गेली. आता सुटीच्या दिवशी दुपारी, देऊळ बंद असता, दोघे नगारखान्याच्या पायऱ्यांवर बसतात. तो सूर धरतो. ती त्याच्या नाकाशी ध्वनिग्राहक नेऊन, तो लपवितो तो श्वास टिपते. परवा आम्ही दोघांसाठी चहा घेऊन गेलो. कपबशी खाली ठेवताना किंचित वाजली, तर म्हाताऱ्याने डोळे वटारले, आणि पुतणीने आमच्याकडे न पाहता हातानेच बसण्याची खूण केली.